स्नॅपशॉट फिरवणारी स्क्रिप्ट: कधी थांबायचं हेही तिला शिकवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डीटीपीचं (छपाईसाठी पानं लावण्याचं) छोटं ऑफिस, एक उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) संगणक, त्यावर साधारण १८० जीबी काम. दिवाळी अंकांच्या हंगामात एकेक फाइल दिवसातून दहादा बदलते आणि दुपारी बिघडलेलं पान सकाळी होतं तसं परत हवं असतं. बाहेरची एक डिस्क कायम जोडलेली आहे. दर तासाला स्नॅपशॉट (त्या घडीला सगळं काम जसं आहे तशी प्रत) आपोआप निघावा, जुने आपोआप जावेत. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) एक ओळ टाकली की झालं का, आणि डिस्क किती मोठी घ्यावी?

एक ओळ टाकली की स्नॅपशॉट निघायला लागतील, यात शंका नाही. पण 'जुने आपोआप जावेत' हे तुम्ही जाता जाता लिहिलंय ना, सगळी गोम तिथे आहे. आपण मशीनला पुसायचा अधिकार देतोय, तोही कुणी समोर बसलेलं नसताना. गेली बरीच वर्षं मी छापखाने, ऑफिसं, दोन-तीन संस्था यांची लिनक्स मशीनं सांभाळतो. स्नॅपशॉट निघाला नाही म्हणून नुकसान झालेलं मी क्वचितच पाहिलंय. स्क्रिप्ट अगदी इमानेइतबारे चालत राहिली आणि चांगल्या प्रती एकेक करून फेकत गेली, असं मात्र एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. त्यामुळे फिरवायचं (नवे घेत जुने पुसत जायचं) कसं ते सांगतोच, पण जास्त वेळ फिरवणं कधी थांबवायचं यावर घालवणार आहे.

(कमांड आणि पर्यायांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.)

तुमची फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) बहुतेक एक्स्ट ४ असणार, कारण उबुंटू बसवताना वेगळं काही निवडलं नाही तर तीच मिळते. एक्स्ट ४ मध्ये स्नॅपशॉटची सोय अंगभूत नाही. म्हणून आपण तो आभास हार्ड लिंकनं उभा करतो. हार्ड लिंक म्हणजे काय? घरात ज्याला बाळू म्हणतात तो शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण असतो आणि रेशन कार्डावर त्याच्या नावाचं तिसरंच काहीतरी झालेलं असतं. नावं तीन, माणूस एक. दाखला फाडला म्हणून माणूस नाहीसा होत नाही. डिस्कवरची खरी फाइल म्हणजे आयनोड, आणि फोल्डरमध्ये दिसतं ते फक्त तिचं नाव. एका आयनोडला कितीही नावं देता येतात (एक्स्ट ४ मध्ये मर्यादा ६५,००० आहे, आपण तिच्या जवळपासही जाणार नाही). शेवटचं नाव पुसलं की मगच जागा मोकळी होते.

आता युक्ती उघड आहे. दर तासाला नवा फोल्डर करायचा. जी फाइल बदललेली नाही तिचं फक्त आणखी एक नाव त्या फोल्डरमध्ये ठेवायचं, जी बदलली तिची खरी प्रत घ्यायची. प्रत्येक फोल्डर उघडला की पूर्ण १८० जीबी दिसतात, पण डिस्कवर भर पडते ती त्या तासात बदललेल्या फाइलींचीच. आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्राममध्ये ही सोय 'लिंक-डेस्ट' या पर्यायानं मिळते. कामाचा फोल्डर 'काम' आणि बाहेरची डिस्क 'जतन' या जागी माउंट केली आहे (म्हणजे त्या फोल्डरमधून उघडते) असं धरलं, तर गाभ्याची ओळ एवढीच:

आरसिंक -ए --लिंक-डेस्ट=/जतन/ताजा /काम/ /जतन/अपूर्ण/

'ताजा' ही आधीच्या शेवटच्या स्नॅपशॉटकडे बोट दाखवणारी सिमलिंक. 'अपूर्ण' हा आत्ता भरला जाणारा फोल्डर. काम नीट संपलं की 'अपूर्ण'चं नाव बदलून तारीख-वेळ करायची, म्हणजे '२०२५-१०-०७_१४००' असं, आणि 'ताजा' त्याच्याकडे वळवायची. अर्ध्यात लाइट गेली तर डिस्कवर 'अपूर्ण' नावाचा फोल्डर उरतो. तारखेच्या नावाचा एकही फोल्डर कधीच अर्धवट नसतो. पुढच्या वेळी स्क्रिप्टनं आधी तो 'अपूर्ण' उडवायचा आणि नव्यानं सुरुवात करायची.

या ओळीत एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः पडलोय. लिंक-डेस्टला दिलेला पत्ता चुकला तर आरसिंक थांबत नाही. 'असा फोल्डर नाही' अशी एक ओळ छापतो आणि निमूटपणे सगळ्याची पूर्ण प्रत घेत सुटतो. सापेक्ष पत्ता दिलात तर तो तुम्ही उभे आहात तिथून मोजला जात नाही, तो मुक्कामाच्या फोल्डरपासून मोजला जातो. इथे बहुतेक जण फसतात. म्हणून कायम तिरक्या रेघेनं सुरू होणारा पूर्ण पत्ता द्या. 'काम' नंतरची शेवटची तिरकी रेघही जपा. ती असेल तर 'काम'च्या आतलं सामान जातं, नसेल तर 'काम' हा फोल्डरच आत जाऊन बसतो. एकदा रेघ देऊन आणि दुसऱ्यांदा न देता चालवलंत की आरसिंकला जुळणी सापडत नाही आणि पुन्हा १८० जीबी.

लिंक खरंच झाली की नाही हे पाहायला दोन मिनिटं लागतात, ती पहिल्याच दिवशी द्या. दोन स्नॅपशॉट निघाल्यावर स्नॅपशॉटमधल्या न बदललेल्या एखाद्या फाइलवर 'एलएस -एल' चालवा. परवानग्यांच्या शेजारी, दुसऱ्या रकान्यात, एक आकडा असतो. वर्षानुवर्षं तो १ असतो म्हणून आपलं लक्ष जात नाही. तिथे आता २ दिसला पाहिजे, तिसऱ्या स्नॅपशॉटनंतर ३. 'डीयू' (व्यापलेली जागा मोजणारा आदेश) सगळ्या स्नॅपशॉटवर एकदम चालवलंत तर पहिल्यासमोर १८० जीबी आणि बाकीच्यांसमोर काहीशे एमबी दिसतील, कारण एकदा मोजलेला आयनोड तो त्याच फेरीत परत मोजत नाही. एकाच स्नॅपशॉटवर वेगळं चालवलंत तर पुन्हा १८० दिसतील. घाबरू नका, दोन्ही आकडे खरे आहेत.

बाहेरची डिस्क दुकानातून आणली तशीच वापरत असाल तर ती बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल. एक्सफॅटवर हार्ड लिंक होतच नाहीत, एनटीएफएसवर मालकी आणि परवानग्यांचा घोळ होतो. ती एक्स्ट ४ करून घ्या. विंडोजवर जोडली तर दिसणार नाही, पण ही डिस्क तिकडे जोडायची कशाला?

इंटरनेटवर अजूनही जुनी कृती फिरते: आधी 'सीपी -एएल'नं सगळ्याच्या हार्ड लिंक करून घ्या आणि मग त्याच फोल्डरवर आरसिंक 'डिलीट' पर्यायासह चालवा. चालते ती. बदललेली फाइल आरसिंक आधी तात्पुरत्या नावानं लिहितो आणि मग नाव बदलून जागेवर ठेवतो, त्यामुळे जुन्या स्नॅपशॉटमधली प्रत शाबूत राहते. पण फाइलची नुसती परवानगी किंवा मालक बदलला असेल तर तो बदल थेट आयनोडवर होतो, आणि आयनोड सगळ्यांचा एकच. म्हणजे इतिहासातल्या सगळ्या प्रतींची परवानगी एका झटक्यात बदलते. लिंक-डेस्टमध्ये परवानगी जुळली नाही तर नवी प्रत होते, जुन्याला धक्का लागत नाही. आणि 'इनप्लेस' हा पर्याय या कामात चुकूनही वापरू नका. तो तात्पुरतं नाव न वापरता फाइलच्या आतच लिहितो, म्हणजे एका लिहिण्यात सगळा भूतकाळ बदलतो.

हाच धोका माणसाकडूनही असतो. एका ठिकाणी स्नॅपशॉटची डिस्क सगळ्यांना लिहिण्यासाठी खुली होती. मुखपृष्ठ करणाऱ्या मुलानं आठवड्यापूर्वीचं मुखपृष्ठ स्नॅपशॉटमधूनच उघडलं, 'थोडंसं' बदललं आणि तिथेच सेव्ह केलं. त्याच्या सॉफ्टवेअरनं फाइलच्या आत लिहिलं. पुढचे सगळे स्नॅपशॉट तपासले, प्रत्येकात तेच नवं मुखपृष्ठ. त्या मुलाला काय बोलणार, दार मीच उघडं ठेवलं होतं. तेव्हापासून मी डिस्क एरवी फक्त वाचण्यापुरती माउंट करतो. स्क्रिप्ट सुरुवातीला ती लिहिण्यासाठी रिमाउंट करते, काम झालं की परत बंद करते. लोक आपापली जुनी फाइल बघू शकतात, बाहेर कॉपी करू शकतात, तिथे लिहू शकत नाहीत.

आता फिरवणं. जुन्या कृतीत फोल्डरांना क्रमांक असतात: तास-०, तास-१, तास-२. दर तासाला सगळ्यात मोठा क्रमांक पुसायचा आणि बाकीचे एकेक घर पुढे सरकवायचे. दिसायला सुटसुटीत आहे, पण यात पुसणं आधी होतं आणि नवी प्रत मिळणं नंतर. प्रत मिळालीच नाही तर? क्रम उलटा करा. आधी नवा स्नॅपशॉट पूर्ण होऊ दे, तपासला जाऊ दे, मगच छाटणीला, म्हणजे जुने पुसायला, हात लावायचा. फोल्डरांना तारखांची नावं दिली की सरकवासरकवीची गरजच उरत नाही आणि वर्ष आधी लिहिलं की नावं आपोआप क्रमानं लागतात.

जे माझ्यासमोर घडलं ते सांगतो. एका छापखान्यात कामाच्या फाइली संगणकाच्या आतल्याच दुसऱ्या डिस्कवर होत्या. तासाचे २४, दिवसाचे ७, आठवड्याचे ४ अशी मांडणी होती. गणपतीत ऑफिस सहा दिवस बंद, मंडळी कोकणात. मशीन चालू. पहिल्याच दिवशी लाइट गेली, आली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि ती दुसरी डिस्क माउंटच झाली नाही. 'काम' फोल्डर मात्र जागेवर होता, रिकामा. स्क्रिप्टनं रिकाम्या फोल्डरचा स्नॅपशॉट घेतला. आरसिंकच्या दृष्टीनं काहीच चुकलं नव्हतं. त्यानं ० परत दिला, म्हणजे सगळं उत्तम. दर तासाला एक रिकामा स्नॅपशॉट आत आणि एक भरलेला बाहेर. आम्ही परत आलो तेव्हा तासाचे चोवीसही रिकामे होते, दिवसाच्या सातांपैकी सहा रिकामे. सातव्यात आणि आठवड्याच्या फोल्डरांत काम होतं. शिवाय ती डिस्क मेलेली नव्हती, केबल निघाली होती, म्हणून त्या वेळी कुणाचं काही गेलं नाही. पण डिस्क खरंच मेली असती आणि सुट्टी थोडी लांबली असती तर?

म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये प्रत घेणाऱ्या ओळी चार आणि नकार देणाऱ्या ओळी पंधरा आहेत.

पहिला नकार: 'काम'च्या आत मी एक छोटी फाइल ठेवतो, नाव 'इथेच-आहे'. ती सापडली नाही तर स्क्रिप्ट कशालाही हात न लावता चूक झाल्याचा संकेत देऊन बाहेर पडते. डिस्क माउंट नसेल तर ती फाइल दिसणारच नाही. इतकं साधं आहे, पण वरचा सगळा किस्सा एवढ्यानं टळला असता.

दुसरा: 'जतन' खरंच माउंट आहे का. यासाठी 'माउंटपॉइंट' नावाची कमांडच आहे. हे तपासलं नाही तर याच्या उलटा घोळ होतो. बाहेरची डिस्क कुणीतरी काढलेली असते, आरसिंक त्या रिकाम्या फोल्डरमध्ये म्हणजे संगणकाच्या मुख्य डिस्कवर १८० जीबी ओतायला लागतो, आणि सकाळी मशीन लॉगिनही करू देत नाही. यावर आणखी एक जुनी युक्ती आहे: डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'सीएचॲटर +आय' चालवून ठेवायचं. मग रूटलाही (मशीनच्या सर्वाधिकारी खात्यालाही) तिथे काही लिहिता येत नाही, पण वर डिस्क माउंट करायला अडचण येत नाही. आणि एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत) त्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' लिहा, नाहीतर डिस्क जोडलेली नसताना मशीन सुरू होताना वाट बघत बसेल आणि शेवटी काळ्या पडद्यावर आणून सोडेल.

तिसरा नकार आरसिंकच्या परतीच्या आकड्यावर. ० म्हणजे ठीक. २४ म्हणजे यादी केली तेव्हा असलेली एखादी फाइल कॉपी करायला गेल्यावर गायब झाली. चालू मशीनवर तात्पुरत्या फाइलींमुळे हे होतंच, ते मी ठीक धरतो. २३ म्हणजे काही फाइली वाचता किंवा लिहिता आल्या नाहीत. असा स्नॅपशॉट मी 'अपूर्ण'च ठेवतो आणि बोंब मारायला लावतो. बाकी कुठलाही आकडा आला तर नाव बदलायचं नाही, छाटणी करायची नाही.

चौथा: नव्या स्नॅपशॉटमधल्या फाइलींची संख्या आधीच्याच्या निम्म्याहून कमी भरली, तर स्नॅपशॉट ठेवायचा पण छाटणी बंद. तुम्ही खरंच निम्मं काम दुसरीकडे हलवलं असेल तर छाटणी एकदा हातानं चालवा. वर्षातून एखाद्या वेळी होणारा त्रास आहे.

यातून पार पडल्यावरच छाटणी. किती ठेवायचे? तुमच्या कामाला मी शेवटच्या २४ तासांतले सगळे, त्यामागे ७ दिवस रोजचा एक, त्यामागे ४ आठवडे आठवड्याचा एक आणि १२ महिने महिन्याचा एक असं ठेवीन. मिळून ४७ फोल्डर. यात वय कशावरून मोजता हे महत्त्वाचं आहे. घड्याळावरून मोजलंत आणि मशीन महिनाभर बंद राहिलं, तर सुरू झाल्याक्षणी स्क्रिप्टला सगळेच जुने वाटतील आणि एका दमात डझनावारी जातील. मी घड्याळ बघत नाही, असलेल्या स्नॅपशॉटांची मोजदाद करतो: ज्या दिवसांचे स्नॅपशॉट खरोखर आहेत असे शेवटचे सात दिवस, असे शेवटचे चार आठवडे. सीमॉसची (मशीनचं घड्याळ चालू ठेवणारी) बॅटरी संपून मशीनची तारीख भलतीच झाली तरी मग कत्तल होत नाही. तरीही एक कुलूप जास्तीचं असू द्या: एका फेरीत दोनपेक्षा जास्त फोल्डर पुसायची वेळ आली तर पुसू नकोस, सांग.

आता क्रॉन. वापरू शकता, पण क्रॉन मशीन बंद असताना चुकलेली वेळ भरून काढत नाही. शिवाय नवशिक्यांना हमखास चकवणारी एक गोष्ट त्यात आहे. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे ओळ संपली. तारखेचं नाव करायला 'डेट' कमांडला टक्क्याची चिन्हं लागतात, त्यामुळे टर्मिनलवर झकास चालणारी ओळ क्रॉनमध्ये पहिल्या टक्क्यापाशी तुटते आणि का ते कळत नाही. एकतर प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर सगळं वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवून क्रॉनमध्ये फक्त तिचा पत्ता लिहा.

मी सिस्टमडीचा (उबुंटूत सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचा) टायमर वापरतो. दोन छोट्या फाइली लागतात. सर्व्हिसच्या फाइलीत प्रकार 'वनशॉट' आणि स्क्रिप्टचा पत्ता. टायमरच्या फाइलीत 'ऑनकॅलेंडर' समोर 'अवरली' आणि 'पर्सिस्टंट' समोर 'ट्रू'. या दुसऱ्या ओळीमुळे मशीन बंद असताना वेळ चुकली असेल तर सुरू झाल्यावर एक फेरी लगेच होते (चुकलेल्या सगळ्या नाहीत, एकच). दुसरा फायदा असा की आधीची फेरी अजून चालू असेल तर टायमर त्याच सर्व्हिसची दुसरी प्रत सुरू करत नाही. क्रॉनमध्ये यासाठी 'एफलॉक' (एका वेळी एकच फेरी चालू देणारं कुलूप) वापरावं लागतं, आणि ते विसरलं की दोन आरसिंक एकाच 'अपूर्ण'मध्ये झोंबाझोंबी करतात. एनेबल करताना टायमर एनेबल करायचा, सर्व्हिस नाही. ही चूक इतकी सर्रास होते की वेगळं सांगतोय. नंतर 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स'मध्ये पुढची वेळ दिसते का बघा. दिवसा काम चालू असताना मशीन जड वाटू नये म्हणून सर्व्हिसमध्ये 'नाइस' १९ आणि डिस्कची प्राथमिकता 'आयडल' ठेवा.

बोंब कुणापर्यंत पोचणार हेही ठरवा. क्रॉन चूक झाल्याचा मजकूर त्याच मशीनवरच्या मेलपेटीत टाकतो, ती कुणी उघडत नाही, आणि मेलची व्यवस्था बसवलेली नसेल तर तेही नाही. शिवाय स्क्रिप्ट सुरूच झाली नाही तर ती तक्रार तरी कशी करणार? मी लॉगिन झाल्यावर एक ओळ दाखवतो: 'शेवटचा पूर्ण स्नॅपशॉट ४० मिनिटांपूर्वी'. तो आकडा 'ताजा'वरून निघतो, स्क्रिप्टच्या सांगण्यावरून नाही. तिथे '३ दिवसांपूर्वी' दिसलं की ऑफिसातला कुणीही मला फोन करतो.

हे सगळं स्वतः लिहायचं नसेल तर आरस्नॅपशॉट हा तयार प्रोग्राम आहे. आत हीच युक्ती, वर्षानुवर्षं तावूनसुलाखून निघालेली. त्याच्या कॉन्फिगच्या फाइलीत रकाने टॅबनं तोडायचे असतात, स्पेस चालत नाही. 'कॉन्फिगटेस्ट' चालवून मगच पुढे जा. आणि दिवसाची फेरी तासाच्या फेरीच्या थोडी आधी ठेवा, कारण दिवसाचा स्नॅपशॉट तो तासाच्या सर्वात जुन्या फोल्डरमधून उचलतो. वरचे पहिले दोन नकार मात्र तुम्हालाच बाहेरून जोडावे लागतील.

टाइमशिफ्ट बसवलेलं आहे म्हणून निश्चिंत असाल तर एकदा उघडून बघा. ते मुळात सिस्टिम पूर्ववत करण्यासाठी आहे आणि होम फोल्डर आपणहून वगळतं. म्हणजे उबुंटू सुखरूप परत येईल, अंक नाही.

बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमबद्दल कुणीतरी तुम्हाला सांगेलच. चांगली आहे. लिनक्स कर्नलमध्ये २००९ साली आली, फेडोरा या दुसऱ्या लिनक्सनं २०२० मध्ये डेस्कटॉपसाठी तीच मूळ धरली. तिथे स्नॅपशॉट क्षणात निघतो, कारण काही कॉपीच होत नाही. पुढे जो ब्लॉक बदलेल तेवढाच नव्या जागी लिहिला जातो. फक्त वाचता येणारा स्नॅपशॉट मागता येतो, त्यामुळे मुखपृष्ठाचा वरचा प्रकार तिथे घडूच शकत नाही. फिरवायला स्नॅपर आहे; तो मुळात तासाचे १०, दिवसाचे १०, महिन्याचे १० आणि वर्षाचे १० ठेवतो. तुमच्यासारख्या डिस्कवर वर्षाचे १० कशाला, तो आकडा खाली आणा. लोक दोन ठिकाणी अडतात. सबव्हॉल्यूमच्या (बीटीआरएफएसमधल्या स्वतंत्र कप्प्याच्या) आत दुसरं सबव्हॉल्यूम असेल तर आतलं स्नॅपशॉटमध्ये येत नाही, जागी रिकामा फोल्डर दिसतो. आणि डिस्क भरली म्हणून मोठ्या फाइली पुसल्या तरी जागा मोकळी होत नाही, कारण त्या स्नॅपशॉटांनी धरून ठेवलेल्या असतात. शिवाय हे सगळे स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात. डिस्क गेली की ते गेले. 'सेंड' आणि 'रिसीव्ह'नं दुसऱ्या बीटीआरएफएस डिस्कवर पाठवता येतात, पण फक्त या कामासाठी चालू मशीन नव्यानं बसवा असं मी तुम्हाला दिवाळीच्या तोंडावर सांगणार नाही.

मराठी नावांच्या फाइलींमुळे होणारा एक घोळ मात्र सांगायलाच हवा, कारण तो इंग्रजी माहितीपत्रकात सापडत नाही. 'वऱ्हाड-विशेष' किंवा 'गिऱ्हाईक-यादी' अशी नावं घ्या. यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना फरक दिसत नाही. लिनक्सला दिसतो, त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवरून फाइल आली तर नाव फोडलेल्या रूपात येतं, कारण ती फाइलसिस्टिम नावं तशीच साठवते. मग एकाच फोल्डरमध्ये 'वऱ्हाड-विशेष' दोनदा दिसतं, आणि कुठली ताजी हे विचारणारा फोन मला येतो. नाव एकाच रूपात आणून एकदाच दुरुस्त करा, ते आरसिंकवर सोडू नका. आणि टायमरमधून चालणाऱ्या आरसिंकच्या नोंदीत देवनागरी नावांच्या जागी '३४०, २४४' असे आकड्यांचे तांडे दिसले तर फाइली बिघडलेल्या नसतात. तिथे लोकॅल (भाषेची सेटिंग) साधं असतं म्हणून तो देवनागरीचे बाइट आकड्यांत छापतो. '-८' हा पर्याय जोडला की नावं वाचता येतात.

राहिला डिस्कचा आकार. हिशेब असा करा: पहिली पूर्ण प्रत १८० जीबी. ६० एमबीची एक फाइल दिवसात आठ वेगवेगळ्या तासांत सेव्ह झाली तर तिचे ४८० एमबी. अशा तीन फाइली धरल्या तर दिवसाला दीड जीबीच्या आत. तासाचे स्नॅपशॉट दुसऱ्या दिवशी गळतात, त्यामुळे हा आकडा साठत जात नाही. नवीन येणाऱ्या फोटोंची भर धरूनही १ टीबी तुम्हाला बरीच वर्षं पुरेल.

अट एकच. डीटीपीच्या ऑफिसात श्रीलिपी आणि पेजमेकरसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) जुनं विंडोज ठेवलेलं असतं, तुमच्याकडेही असेल. त्या विंडोजची अख्खी डिस्क म्हणजे लिनक्सच्या दृष्टीनं एकच फाइल, समजा ४० जीबीची. आत एक अक्षर बदललं तरी फाइल बदलली, आणि हार्ड लिंकच्या पद्धतीत बदललेली फाइल पूर्ण कॉपी होते. २४ तासांचे २४ स्नॅपशॉट म्हणजे ९६० जीबी नुसत्या विंडोजचे, तेही चालू असताना घेतलेले, म्हणजे आतून अर्धवट. आरसिंकच्या 'एक्सक्लूड' पर्यायानं ती फाइल तासाच्या फेरीतून वगळा. रात्री विंडोज बंद करून तिची वेगळी प्रत घ्या, शेवटच्या दोन पुरेत. आणि विंडोजमधून ज्या फाइलींवर काम करता त्या शेअर्ड फोल्डरनं 'काम'मध्येच ठेवा, म्हणजे त्या आपसूक दर तासाच्या फेरीत येतील. ब्राउझरची कॅश आणि होममधला 'डॉट कॅश' फोल्डरही त्याच वगळायच्या यादीत टाका.